गाडीनं ‘टक’ केलं आणि गप्प बसली: ऐकण्याचेही पैसे मिळतात



या आठवड्याच्या व्हिडिओत मी गाडीचे आवाज तोंडाने काढून दाखवले. घरच्यांनी दोन दिवस माझी टिंगल केली, ते असू दे. पण व्हिडिओत घाई झाली. आवाज काढून दाखवले आणि त्यामागचा हिशोब राहूनच गेला. तो इथे लिहितो. तुम्हाला गाडीतलं काही कळत नसेल तरी वाचा. तुम्ही एसी दुरुस्त करणार असाल, पंप रिवाइंड करणार असाल, कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान टाकणार असाल, तरी हीच अडचण तुमच्यासमोर येणार आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सोमवार, सकाळचे पावणेआठ. ताथवड्यात एका सोसायटीच्या बेसमेंटमध्ये माझी गाडी उभी. साडेनऊला चाकणला एका कंपनीत सेशन, चाळीस सुपरवायझर येऊन बसणार. चावी फिरवली. ‘टक.’ एकदाच. परत फिरवली, परत ‘टक.’ डॅशबोर्डचे दिवे लखलखीत, हॉर्न दणदणीत, एफएमसुद्धा सुरू. फक्त सेल्फ फिरेना.

रिक्षा करून गेलो. गाडी टो करून जवळच्या एका गॅरेजला नेली. बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘चेकिंग मोफत’. मालक भला माणूस होता. म्हणाला, “साहेब, बॅटरी गेली.” बॅटरी बदलली. संध्याकाळी गाडी सुरू झाली. तीन दिवसांनी परत ‘टक’. आता म्हणाला, “मग सेल्फच असणार.” सेल्फ बदलला. आठवडाभर गाडी छान चालली आणि पुढच्या मंगळवारी परत तेच. तोवर बॅटरी ५,४००, सेल्फ मजुरीसकट ७,२००, टोइंग १,५००. एकूण १४,१०० रुपये.

तिसऱ्या वेळी शेजाऱ्यांनी एका वायरिंगवाल्या काकांना बोलावलं. साठीचे असतील. स्कूटरवर आले, डिकीतून मल्टिमीटर काढला. बॉनेट उघडायच्या आधी मला म्हणाले, “चावी फिरवा, मला ऐकू द्या.” दोनदा ऐकलं. मग हेडलाइट लावून परत चावी फिरवायला सांगितली. टक झालं, पण हेडलाइट जरासुद्धा मंदावले नाहीत. त्यावर काकांनी मान हलवली. जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला चिमटलं आणि म्हणाले, “मारा सेल्फ.”

पहिल्या फटक्यात सुरू.

इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी होती. तिच्या बोल्टपाशी गंज चढला होता. “साहेब, बॅटरी नवी, सेल्फ नवा, पण करंटला परत जायला रस्ताच नाही,” काका म्हणाले. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासला, पट्टी नवी टाकली. सगळं मिळून साडेतीनशे रुपये आणि वीस मिनिटं.

आता यात चोर कोण? मला विचाराल तर कुणीच नाही. गॅरेजवाल्याने मला जाणूनबुजून फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने बोर्डावर स्वतःच लिहून ठेवलं होतं की तपासण्याचे पैसे मी घेत नाही. मग त्याच्या पोटाला पैसे कुठून मिळणार? पार्ट विकला तरच. अर्धा तास शांतपणे ऐकत बसणं त्याला परवडतच नाही. जो पार्ट बहुतेक वेळा गेलेला असतो तो बदलायचा आणि पुढची गाडी घ्यायची. मोफत तपासणी मला १४,१०० रुपयांना पडली आणि त्यालाही महागच पडली, कारण मी तिकडे परत गेलो नाही.

ताथवड्यात हा धंदा का?

आपल्या भागाची गंमत बघा. पिंपरीत टाटा मोटर्स, आकुर्डीत बजाज, चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज. पुण्यात एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. तिथे गाडीचा आवाज आणि थरथर मोजायची वेगळी प्रयोगशाळा आहे. गाडी बनताना तिचा आवाज ऐकायला एवढी हुशार माणसं बसलेली आहेत. पण तीच गाडी सोमवारी सकाळी बेसमेंटमध्ये ‘टक’ करते तेव्हा ऐकायला कोणी नसतं.

आणि ताथवड्यात अशा गाड्या खूप आहेत. एका बाजूला मुंबई-बेंगळुरू हायवे, पलीकडे हिंजवडी, मध्ये टॉवरच टॉवर. घरून काम करणाऱ्यांची गाडी आठवड्यातून दोनदाच बाहेर निघते. कॉलेजच्या पोरांकडे तिसऱ्या-चौथ्या हाताच्या गाड्या. शेजारी अजून शेतं आणि मोकळे प्लॉट, त्यामुळे बॉनेटमध्ये उंदीर. पावसाळ्यात हायवेखालच्या भुयारी रस्त्यांत पाणी. गाडी सुरू न होण्याची जेवढी कारणं पुस्तकात आहेत तेवढी इथे दोन किलोमीटरच्या आत सापडतील.

तुम्ही म्हणाल, सर, कंपन्यांची रोडसाइड असिस्टन्स आहे की, बॅटरीवाले घरपोच येतात. येतात ना. बॅटरीवाला येतो आणि बॅटरी तपासतो. टोइंगवाला येतो आणि टो करतो. ‘काय झालंय ते आधी सांगा’ एवढं एकच काम करणारा माणूस शोधा बरं. जागा तिथे आहे.

आधी एकच प्रश्न: सेल्फ फिरतोय का?

गाडी सुरू होत नाही, हे वाक्य ऐकून काहीच कळत नाही. त्याचे दोन भाग करायचे. चावी फिरवल्यावर इंजिन घुमतंच नाही हा एक भाग. घुमतं, पण पेट घेत नाही हा दुसरा. दोन्हीची कारणं वेगळी, हत्यारं वेगळी. बरेच जण इथेच चुकतात आणि प्लग खोलून बसतात, गडबड असते टर्मिनलमध्ये.

पहिल्या भागाचे आवाज ऐका. एकदम शांतता, दिवेही नाहीत: बॅटरी पूर्ण उतरली किंवा टर्मिनल निघालं. दहाचा पाना घेऊन टर्मिनल आवळलं की यातल्या कितीतरी गाड्या तिथल्या तिथे सुरू होतात.

‘टकटकटकटक’ असा भरभर आवाज: बहुतेक बॅटरी कमजोर किंवा जोडणी सैल. आतमध्ये काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. सेल्फवर सोलेनॉइड असतो, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच. त्याला ओढून घ्यायला थोडाच करंट लागतो. तो ओढला जातो, सेल्फला मोठा करंट द्यायला जातो, बॅटरीत दम नसतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो. सुटला की व्होल्टेज परत वर येतं, तो परत ओढला जातो. हे सेकंदात अनेकदा घडतं, म्हणून टकटकटक.

एकच ‘टक’: इथे घाईने निकाल द्यायचा नाही. सोलेनॉइड ओढला गेला, पण मोठा करंट पुढे वाहिला नाही किंवा सेल्फ अडकला. सोलेनॉइडचे पॉइंट जळालेले असू शकतात, सेल्फचे कार्बन झिजलेले असू शकतात, जाड केबल किंवा अर्थिंग खराब असू शकतं, नाहीतर इंजिनच जाम झालेलं असू शकतं. इथे काकांची हेडलाइटची युक्ती कामाला येते. टक होताना दिवे एकदम मंदावले तर बॅटरीतून करंट ओढला जातोय, पण काम होत नाहीये: बॅटरी कमजोर किंवा सेल्फ अथवा इंजिन अडकलेलं. दिवे तसेच प्रखर राहिले तर करंट निघालाच नाही, म्हणजे रस्ता तुटलाय. माझ्या गाडीत हेच होतं. पहिल्या दिवशी कोणी हेडलाइट लावून बघितले असते तर जुनी बॅटरी वाचली असती.

नुसतंच ‘घुर्रर्र’ असं हलकं फिरणं, इंजिन मात्र ढिम्म: सेल्फ फिरतोय, पण त्याचं छोटं दातेरी चक्र, ज्याला गॅरेजात बेंडिक्स म्हणतात, ते पकड घेत नाही. ‘खर्रर्र’ असा दात घासल्याचा आवाज: बेंडिक्सचे किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेले. हा आवाज आला की पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. बेंडिक्स स्वस्तात बदलतं, रिंगसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

आणि दिवे छान, आवाज काहीच नाही, अगदी टकसुद्धा नाही? मग सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाही. क्लच पूर्ण दाबलाय का, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी किंवा एनमध्ये आहे का, ब्रेक दाबलाय का, चावीचं चित्र लुकलुकतंय का, ते आधी बघा. त्यानंतर रिले आणि फ्यूज.

मध्येच एक आठवण. आपल्या आजोबांच्या पिढीने जीपला पुढून हँडल मारून सुरू करताना बघितलं असेल. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांच्या डिझाइनचा इलेक्ट्रिक सेल्फ आला आणि ही कटकट हळूहळू गेली. तेव्हापासून मुद्दा तोच आहे: छोट्या मोटरला क्षणभर प्रचंड करंट द्यायचा. म्हणूनच रेडिओ, दिवे, हॉर्न चालतात याचा अर्थ बॅटरी आणि जोडण्या ठीक आहेत असा होत नाही. त्यांना काही अँपिअर पुरतात, सेल्फला शंभराच्या वर लागतात.

दुसरा भाग थोडक्यात. इंजिन घुमतंय पण पेटत नाही, तर पेट्रोल, स्पार्क, कॉम्प्रेशन आणि इमोबिलायझर. चावी ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटजवळ कान लावा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत पंप दोनेक सेकंद ‘झूं’ करतो. केला नाही तर फ्यूज, रिले, पंप या क्रमाने बघा. आपल्याकडे सीएनजी गाड्या भरपूर. बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग सीएनजीवर जातात. मालक वर्षभर पेट्रोल टाकत नाही, टाकीच्या तळाला शिळं पेट्रोल, पंप कोरडा फिरून जळतो, आणि मालक म्हणतो, “सीएनजी तर फुल आहे!” हा प्रश्न फोनवरच विचारा. काही नव्या गाड्या थेट सीएनजीवर सुरू होतात, म्हणून गाडी कोणती हेही विचारा.

एक आवाज मात्र नीट लक्षात ठेवा. इंजिन घुमताना नेहमी एक लय असते, ‘घ्यांव-घ्यांव-घ्यांव’. ही लय जाऊन इंजिन नेहमीपेक्षा वेगाने, गुळगुळीत घुमायला लागलं तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. तिथेच थांबायचं. अजून सेल्फ मारला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतील.

तसंच पाण्याचं. गाडी पाण्यातून गेली, बंद पडली, आणि आता ‘ठक’ करून अडकते. सिलेंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ग्राहक फोनवर असतानाच ओरडून सांगा, “चावी काढा, हात लावू नका.” पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करायला जाऊन झालेलं इंजिनचं नुकसान साध्या विम्यात बऱ्याचदा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर असतं. हे एक वाक्य वेळेवर सांगितलं तर ग्राहकाचे लाखभर वाचू शकतात. तुम्ही काही दुरुस्त न करता.

आज आवाज, उद्या बंद

गाडी एकदम क्वचितच बंद पडते. आधी बोलते. पावसाळ्यात सकाळी सुरू केल्यावर ‘चींईई’ असा कर्कश आवाज येतो आणि दोन मिनिटांत थांबतो. मालक म्हणतो, थांबला ना, मग काय! तो फॅन बेल्ट घसरतोय. त्याच बेल्टवर डायनॅमो फिरतो, म्हणजे अल्टरनेटर. बेल्ट घसरला की चार्जिंग कमी, चार्जिंग कमी की बॅटरी अर्धपोटी, आणि एखाद्या सोमवारी टकटकटक. तिथे नवी बॅटरी टाकली तर तीही महिन्याभरात उतरणार आणि तुमचं नाव खराब होणार.

म्हणून आकडे पाठ करा. गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पोट भरलेलं. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे उतरलीच. सेल्फ मारताना १० च्या फार खाली जायला नको. इंजिन सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.४. नव्या काही गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे एकाच आकड्यावर अडून बसू नका. आणि ज्याने माझी गाडी सुटली ती टेस्ट: मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंट्यावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायचा. अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. काकांनी मीटर लावला तेव्हा त्यावर बॅटरीचे जवळजवळ सगळे व्होल्ट दिसत होते. भिंतीवर टांगून ठेवावी अशी टेस्ट आहे, आणि त्यासाठी लागतो काही शेकड्यांचा मीटर.

आता स्कॅनर. आपल्याकडे २०१३ पासूनच्या नव्या गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट मिळतं, स्कॅनर लावला की कोड दिसतात. पोरांना वाटतं स्कॅनर घेतला की झालो डॉक्टर. घ्या, जरूर घ्या. पण गंजलेला बोल्ट कोडमध्ये दिसत नाही. दिसलाच तर ‘व्होल्टेज कमी’ एवढं दिसेल, आणि तेवढ्यावरून तुम्ही परत बॅटरीच बदलाल.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते, हे ताथवड्यातलं दुसरं मोठं गिऱ्हाईक. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, स्वस्तातली म्युझिक सिस्टिम. गाडी बंद करून अर्धा-पाऊण तास झाल्यावर ओढला जाणारा करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. समजा अर्धा अँपिअर ओढला जातोय. दिवसाला १२ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ ची. तिसऱ्या दिवशी संपली. शुक्रवारी लावलेली गाडी सोमवारी सुरू होत नाही, त्यात भूतबाधा काही नाही. हे काम वेळखाऊ आहे, पण याचे पैसेही चांगले मिळतात, कारण बॅटरीवाल्याला एवढा वेळ थांबायला सवड नसते.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल विचाराल. त्यांनाही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि ती उतरली की मोठी बॅटरी फुल असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही. ती तपासायला हरकत नाही. पण नारिंगी रंगाच्या जाड वायरींना प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नाही. त्या बाबतीत धाडस नको, जीव जातो.

पैशांचं बोलू

माझ्या बॅचमध्ये एक मुलगा आहे. आयटीआयचा मोटर मेकॅनिक ट्रेड झालेला, चाकणला एका कारखान्यात कंत्राटी. दर काही महिन्यांनी ब्रेक, मग परत नवं गेटपास. गेल्या वर्षी लग्न झालं, आता घरात बाळ येणार आहे. तो म्हणाला, “सर, गॅरेज टाकतो. गाळ्याचं डिपॉझिट भरायला बायकोचे दागिने ठेवायला तयार आहे ती.”

मी म्हटलं, दागिने कपाटात राहू देत. गाळा घेतला की भाडं सुटण्यासाठी तू पार्ट विकायला लागणार, आणि सहा महिन्यांत बोर्डावर लिहिणार ‘चेकिंग मोफत’. तुझ्याकडे स्कूटर आहे ना? मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, जम्पर केबल, चांगला जम्प स्टार्टर, पाने, फ्यूज, टर्मिनल घासायचा ब्रश, नंतर स्कॅनर. एका डिकीत बसतं. दुपारपाळी असेल त्या आठवड्यात सकाळ मोकळी असते, आणि गाड्या सकाळीच बंद पडतात. नोकरी सोडू नको, सकाळ विक.

हिशोब केला. भेटीचा दर ३५० रुपये, त्यात तपासणी आणि लेखी चिठ्ठी. दिवसाला ३ कॉल धरले तर १,०५०. महिन्याचे २५ दिवस धरले तर २६,२५०. पेट्रोल रोज १०० म्हणजे २,५०० वजा. उरले २३,७५०. पण पहिल्या महिन्यात ३ कॉल येणार नाहीत, एक आला तरी देवाची कृपा. एका कॉलवर हाच हिशोब केला तर पेट्रोल जाऊन सव्वासहा हजार उरतात, तेही पेट्रोल तेवढंच जाईल असं धरून. म्हणून तर नोकरी सोडायची नाही.

कागदपत्रांचं त्याला उगाच टेन्शन होतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. कामगार थोडे असतील तर शॉप ॲक्टला फक्त सूचना द्यावी लागते. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीही लागत नाही. कर्ज लागलंच तर मुद्राच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं. पण एवढ्या सामानाला कर्ज काढायची घाई करू नये, असं माझं मत.

चिठ्ठीवर माझा फार जोर आहे. ‘बॅटरी उभी १२.५, सेल्फ मारताना १०.४, चार्जिंग १४.१, अर्थ ड्रॉप ०.२. निदान: सोलेनॉइडचे पॉइंट.’ खाली तारीख, गाडीचं मॉडेल, सही. ही चिठ्ठी घेऊन ग्राहक कुठल्याही गॅरेजला जाऊ दे. जो त्याला पार्ट विकत नाही त्याच्या चिठ्ठीवर तो विश्वास ठेवतो. बॅचमधले काही जण म्हणतात, दुरुस्ती आपल्याकडेच केली तर ३५० वळते करून द्यावेत. मला पटत नाही. वळते केले की ग्राहकाच्या डोक्यात तपासणी परत फुकट होते.

पण चिठ्ठी खोटी ठरली तर? ठरणारच, कधीतरी. मग ३५० परत करायचे, तोंड पाडून न घेता. परत जाऊन बघायचं आणि कुठे चुकलो ते वहीत लिहायचं. ज्या दिवशी कळत नाही त्या दिवशी ‘मला कळलं नाही, पैसे नकोत’ म्हणता आलं पाहिजे. अंदाजाने पार्ट बदलायला सांगायचं नाही, तिथेच आपण त्या बोर्डवाल्यासारखे होतो.

कॉल आला की लगेच स्कूटर काढायची नाही. आधी विचारायचं: दिवे, हॉर्न चालतात का? गाडी किती दिवस उभी होती? पाण्यातून गेली का? एवढ्यात काही नवीन बसवलं का, कुठे काम केलं का? आणि मग म्हणायचं, “दादा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढा, आणि चावी फिरवतानाचा आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवा.” पाणी शिरलं असेल तर हे सांगायचं नाही, हे आलंच. दहा सेकंदांच्या त्या रेकॉर्डिंगवरून डिकीत काय घेऊन जायचं ते ठरतं. आणि कुठे जायचंच नाही, तेही.

जम्प देताना एक चूक धंदा बुडवू शकते: प्लस-मायनस उलट. ग्राहकाच्या गाडीचा कॉम्प्युटर उडू शकतो, आणि तो भरून देता देता वर्ष जातं. लाल आधी, काळी शेवटी, आणि बंद गाडीतली काळी क्लिप बॅटरीपासून लांब, इंजिनच्या धातूवर. बॅटरीतून निघणारा गॅस पेट घेऊ शकतो म्हणून. (याच पद्धतीने माझ्या गाडीला पहिल्या दिवशी कोणी जम्प दिला असता तर ती सुरू झाली असती, आणि सगळ्यांनी ‘बॅटरीच होती’ म्हणून टाळ्या वाजवल्या असत्या. आवाज ऐकल्याशिवाय उत्तरसुद्धा फसवतं ते असं.)

त्या मुलाचा तिसरा की चौथा कॉल पुनावळ्यातून आला. रविवार सकाळ. गाडीवाल्या ताई म्हणाल्या, “दिवे लागतात, पण बटण दाबल्यावर काहीच होत नाही, आणि चावीचं चित्र लुकलुकतंय.” टक नाही, घुर्र नाही. त्याने सांगितलं, “ताई, ब्रेक दाबा आणि चावीनेच ते स्टार्टचं बटण दाबा, चावी बटणाला चिकटवून.” गाडी सुरू झाली. चावीतला सेल संपत आला होता, एवढंच. चार मिनिटांचा फोन. ताई “थँक्यू दादा” म्हणाल्या आणि गेल्या.

रात्री त्याने मला विचारलं, “सर, पैसे कशाचे मागायचे होते? मी तर गेलोच नाही.” मी म्हटलं, फोनचा दर सुरुवातीलाच सांगायचा, शंभर रुपये, गाडी सुरू झाली तरच. त्याला ते जड वाटलं. म्हणाला, आई म्हणेल बोलण्याचे पैसे घेतोस. आमचं यावर अजून एकमत नाही.

बुधवारी त्याने ताईंना आपणहून फोन केला, सेल बदलला का विचारायला. बदलला नव्हता. दुपारपाळीला जाता जाता तो पुनावळ्यात थांबला, सेल टाकला, बॅटरीला मीटर लावून बघितला आणि दीडशे रुपये घेतले. वही मी बघितली. एका ओळीत ‘सेल – ३०’. आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत, ‘तपासणी – १२०’.